दर महिन्याच्या २६ तारखेला नेट मंदावते : १००० जीबी नेमके कुठे जातात, हे शोधण्याची पद्धत

आमच्या कऱ्हाडच्या घरी दर महिन्याच्या २६-२७ तारखेला इंटरनेटचा वेग १०० एमबीपीएसवरून २ एमबीपीएसवर उतरायचा आणि पुढील महिन्याच्या ६ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत तसाच राहायचा. हा प्रकार सलग चार महिने चालला. योजना महिन्याला १००० जीबीची, हिशेब ७ तारखेला सुरू होणारा, आणि घरात माणसे पाच : आई, बाबा, आम्ही दोघे आणि अकरावीतला मुलगा. जाहिरातीत 'अमर्यादित' हा शब्द ठळक होता आणि १००० जीबीनंतर वेग कमी होईल, हे वाक्य खाली बारीक अक्षरांत होते. परंतु ते वाचूनच आम्ही जोडणी घेतली होती, त्यामुळे त्याबद्दल कुरकुर करण्याचा हक्क मला नाही. प्रश्न एवढाच होता की, ज्या घरात दिवसभर कोणी चित्रपट पाहत बसत नाही, त्या घरात २० दिवसांत १००० जीबी, म्हणजे रोजचे ५० जीबी, जातात कसे.

पहिले दोन महिने आम्ही जे केले, ते बहुतेक घरांत होते तेच होते. मुलाच्या खेळावर संशय घेतला, त्याचा संगणक चार दिवस बंद ठेवायला लावला, कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून राउटर बंद-चालू केला आणि शेवटी 'कंपनीच आकडे फुगवते' असा निष्कर्ष काढून मोकळे झालो. यांतले एकही पाऊल मोजमापावर आधारलेले नव्हते. डेटा ठरावीक टक्के संपल्यावर ग्राहकाला कळवावे, असा ट्रायचा (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा) निर्देश २०१६ पासून आहे आणि आमच्या कंपनीचे ५० व ९० टक्क्यांचे संदेश खरोखर येतही होते; मात्र ते जात होते बाबांच्या जुन्या क्रमांकावर, ज्याचे सिम कपाटातल्या बटणाच्या फोनमध्ये आहे आणि जो फोन आठवड्यातून एकदा चार्ज होतो. म्हणून इतर काहीही करण्यापूर्वी जोडणीच्या खात्यावर कोणाचा क्रमांक नोंदवलेला आहे, ते पाहून घ्यावे. या कामाला दोन मिनिटे लागतात आणि निम्म्या घरांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटू शकतो.

एककांचा घोळ आधी मिटवावा

वेग 'बिट'मध्ये सांगतात आणि मर्यादा 'बाइट'मध्ये असते. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. हे शाळेत शिकलेले असले, तरी हिशेबाच्या वेळी हटकून विसरले जाते. मी एक आकडा पाठ करून ठेवला आहे आणि पुढचा सारा शोध त्यावरच उभा आहे : १ एमबीपीएसचा प्रवाह अखंड चालू राहिला, तर दिवसाला १०.८ जीबी आणि ३० दिवसांत ३२४ जीबी खातो. म्हणजे अवघा ३ एमबीपीएसचा एखादा झरा कोणाच्या लक्षात न येता महिनाभर वाहत राहिला, तर १००० जीबीची टाकी तो एकटा जवळजवळ रिकामी करतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर ३ एमबीपीएस जात असल्याचे कोणालाही जाणवत नाही, आणि गळती महिनोन् महिने सापडत नाही, याचे कारण हेच आहे.

दुसरा घोळ जीबी या शब्दाचाच आहे. दशमान पद्धतीत १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट, तर अनेक राउटर आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतात आणि तरीही पुढे 'जीबी'च लिहितात. या दोहोंत सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडतो. कंपनी दशमान पद्धतीने मोजत असेल, तर तिचे १००० जीबी तुमच्या राउटरवर ९३१ दिसतात, आणि 'अजून ६९ शिल्लक होते, तरी वेग कमी केला' अशी तक्रार करायला माणूस फोन उचलतो. मी स्वतः तसा फोन केलेला आहे. पलीकडच्या ताईंना यातले काही समजले नाही, आणि त्या वेळी मलाही समजलेले नव्हते.

मोजायचे कुठे

घरातल्या डेटाची मोजणी तीन ठिकाणी करता येते : प्रत्येक उपकरणावर, राउटरवर आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये. उपकरणावरची मोजणी सर्वांत सोपी आणि सर्वांत अपुरी आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात गेल्या ३० दिवसांचा वापर अ‍ॅपनिहाय दिसतो. अँड्रॉइडवर वायफायचा वापर मोबाइल डेटापासून वेगळा पाहता येतो. आयफोन मात्र अ‍ॅपनिहाय हिशेब फक्त मोबाइल डेटाचा देतो, वायफायचा देत नाही. टीव्ही, कॅमेरे, स्पीकर यांना हिशेब विचारायची सोयच बहुधा नसते. कंपनीचे अ‍ॅप एकूण आकडा अधिकृत देते आणि वाद झाला तर तोच ग्राह्य धरला जातो. पण तो कित्येक तासांनी ताजा होतो आणि कोणी किती खाल्ले, हे सांगत नाही. त्यामुळे मोजायचे असेल, तर उंबऱ्यावर, म्हणजे घरातून बाहेर जाणारी सगळी वाहतूक जिथून जाते त्या राउटरवर मोजावे लागते.

कंपनीने दिलेल्या आमच्या राउटरवर आकडेवारीचे एक पान होते. त्यावर विसंबून माझे दोन आठवडे वाया गेले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. त्या पानावरचा 'आलेले बाइट' हा आकडा कधी ३ अब्जांच्या घरात असे आणि दहा मिनिटांनी पाहावे तर २० कोटींवर आलेला असे. राउटर आपोआप बंद-चालू होत असावा, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो मोजणारा ३२ बिटांचा होता. अशा मोजणाऱ्यात जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ एवढीच संख्या मावते. त्यापुढचा एक बाइट आला की तो शून्यावर येतो, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर येई तसा. १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने उतरवणे चालू असेल, तर हा काटा सहा मिनिटांच्या आत एक फेरी पूर्ण करतो. जोडीला दर वेळी लाइट गेली की तो पुसला जायचा, हे वेगळेच. तुमच्या राउटरवरचा आकडा ४ जीबीच्या पुढे कधीच जात नसेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

उपाय म्हणून मी कंपनीच्या उपकरणामागे स्वतःचा एक राउटर लावला. तो ओपन-डब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालवणारा जुना, पडून असलेला राउटर होता आणि त्यावर दोन लहान साधने बसवली. व्हीएनस्टॅट हे बाहेरच्या तारेवरचा एकूण वापर तासागणिक, दिवसागणिक आणि महिन्यागणिक लिहून ठेवते. एनएलबीडब्ल्यूमॉन तोच वापर उपकरणांत वाटून दाखवते. ज्यांना एवढा खटाटोप करायचा नाही, त्यांनी राउटर घेतानाच उपकरणनिहाय वापर दाखवणारा घ्यावा. मात्र तो तासागणिक नोंद ठेवतो का, हे दुकानात विचारावे, कारण माझ्या अनुभवात उलगडा झाला तो तासांच्या नोंदीवरून, एकूण आकड्यावरून नव्हे.

या मांडणीत मी तीन ठिकाणी ठेचकाळलो. पहिले असे की, ओपन-डब्ल्यूआरटीवर ही साधने आपली नोंदवही मुळात तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. गुरुवारी दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टर दगा देऊन बसला, तेव्हा चार दिवसांचा हिशेब गेला. नोंदवहीची जागा पेनड्राइव्हवर हलवल्यावर ती अडचण संपली. दुसरे, व्हीएनस्टॅट महिना १ तारखेपासून धरते. आमचा ७ पासून असल्यामुळे तिच्या 'मंथरोटेट' या पर्यायात ७ लिहावे लागले. तुमचे रिचार्ज २८ किंवा ३० दिवसांचे असेल, तर तारीख दर वेळी सरकते आणि मग महिन्याच्या बेरजेऐवजी रोजची बेरीज हाताने करणे बरे. तिसरे ठेचकाळणे हास्यास्पद होते : पहिल्या दोन दिवसांत कंपनीचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा रोज १५ जीबीने जास्त आला आणि 'सापडली चोरी' म्हणून मी सरसावलो, तेव्हा असे आढळले की दोन फोन अजून कंपनीच्या राउटरच्याच जुन्या वायफायवर होते. ते वायफाय बंद केल्यावर दोन्ही आकडे ३ टक्क्यांच्या आत जुळले. राहिलेला फरक कोणत्या टप्प्यावर मोजले जाते आणि डेटा ज्या पाकिटांतून (लहान तुकड्यांतून) जातो, त्यांवरच्या पत्त्यांचे बाइट धरले जातात की नाही, यामुळे पडू शकतो, आणि त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

जाता जाता आणखी एक सूचना. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा हार्डवेअर पत्ता न देता बनावट पत्ता देतात. राउटरच्या यादीत त्यामुळे अनोळखी उपकरणे दिसतात आणि शेजाऱ्यांनी पासवर्ड मिळवला की काय, अशी शंका येते. घरच्या वायफायपुरता तो पर्याय बंद करावा आणि यादीत प्रत्येकाला नाव द्यावे. मगच पुढचे वाचन अर्थपूर्ण होते.

चुकीचा आरोपी

नवा राउटर लावण्यापूर्वी कंपनीच्या राउटरवर उपकरणनिहाय जे काही दिसत होते, त्यात अंगणातले दोन कॅमेरे सर्वांत वर होते : रोज दोघांचे मिळून ४३ जीबी. आकडा हिशेबाला पक्का बसत होता, कारण प्रत्येक कॅमेरा २ एमबीपीएसने चित्रण पाठवतो आणि दोन एमबीपीएस म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. आमच्या ५० पैकी ४३ जीबींचा धनी सापडला, या आनंदात मी कॅमेरे बंद केले. दोन दिवसांनी अ‍ॅपमध्ये पाहिले, तर रोजचा वापर होता तेवढाच, ४९ आणि ५१.

याचे स्पष्टीकरण साधे आहे आणि ते आधीच सुचायला हवे होते. आमचे कॅमेरे चित्रण पाठवतात ते माळ्यावरच्या रेकॉर्डरकडे. ही वाहतूक वायफायवरून राउटरपर्यंत येते आणि तिथून घरातच परत वळते. बाहेरच्या तारेला ती शिवतही नाही. राउटरचे ते पान वायफायवरचा सगळा वापर मोजत होते, घरातला आणि बाहेरचा असा भेद न करता. कॅमेरे थेट क्लाउडवर अखंड चित्रण साठवणारे असते, तर मात्र हाच ४३ चा आकडा खरा ठरला असता आणि महिन्याला जवळपास १३०० जीबी त्यांनीच नेले असते. तेव्हा कॅमेरे घेताना चित्रण कुठे साठते, हा प्रश्न डेटाच्या दृष्टीनेही विचारायचा असतो. मोजणी उंबऱ्यावर करा, असे मी वर लिहिले, ते या फजितीतून शिकल्यामुळे.

मध्यरात्रीचे आकडे

पाण्याची गळती शोधताना नळकारागीर घरातले सगळे नळ बंद करायला लावतो आणि मीटरचा काटा फिरतो का, ते पाहत उभा राहतो. डेटाच्या बाबतीत सगळे नळ आपोआप बंद होण्याची वेळ म्हणजे रात्री २ ते ५. नवा राउटर लावल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी व्हीएनस्टॅटचा तासांचा तक्ता उघडला. घर झोपलेले असताना, दशमान जीबीत रूपांतर केल्यावर, आकडे असे होते : रात्री १२ ते १ या तासात १.८१, १ ते २ मध्ये १.७९, २ ते ३ मध्ये १.८०, ३ ते ४ मध्ये पुन्हा १.८०. हीच रांग सकाळी साडेसहापर्यंत गेलेली होती, आणि दुपारी १ ते ४ या वेळेतही तिचाच एक तुकडा दिसत होता.

माणूस इंटरनेट असे वापरत नाही. माणसाचा वापर उड्या मारतो. एका तासात २०० एमबी, पुढच्या तासात ३ जीबी, मग अर्धा तास काहीच नाही. विंडोजची अद्ययावत आवृत्ती किंवा फोनवरच्या छायाचित्रांचा बॅकअप असता, तर एक मोठा उंचवटा येऊन तो संपला असता. तासामागून तास एकाच उंचीवर राहणारी रेघ म्हणजे चालू राहिलेला व्हिडिओ प्रवाह. तासाला १.८ जीबी म्हणजे १४.४ गिगाबिट, त्याला ३६०० सेकंदांनी भागले की बरोबर ४ एमबीपीएस येतात. एचडी दर्जाच्या थेट प्रक्षेपणाला साधारण एवढाच वेग लागतो. हा भागाकार मी वर्तमानपत्राच्या समासात केला, आणि वर्तमानपत्रावरूनच पुढचे सुचले. आमच्याकडे बातम्या कोण पाहते?

उपकरणनिहाय यादीत उत्तर पहिल्याच ओळीत होते : दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलेली अँड्रॉइड पेटी. गेल्या दिवाळीत छतावरची जुनी डिश काढली आणि बाबा तेव्हापासून मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणातून पाहतात. रात्री साडेदहाला ते टीव्ही बंद करतात, रिमोटने नव्हे, तर भिंतीवरच्या बटणाने, कारण 'तो लाल दिवा रात्रभर कशाला जळत ठेवायचा' हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता आहे. दुपारी जेवून आडवे होतानाही तसेच. टीव्ही बंद होतो. पेटी बंद होत नाही, कारण तिचा अ‍ॅडॉप्टर टीव्हीच्या बोर्डावर नाही. तो मी स्वतः, हौसेने, राउटरच्या शेजारच्या इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये लावलेला होता. काळ्या पडद्याकडे कोणी पाहत नसताना पेटी रात्रभर चर्चासत्रे उतरवत होती. लांबीला अंत असलेला व्हिडिओ असता, तर केव्हातरी थांबला असता. थेट प्रक्षेपण संपतच नाही.

रात्रीचे आठ आणि दुपारचे तीन असे अकरा तास, तासाला १.८ जीबी, म्हणजे रोज सुमारे २० जीबी आणि महिन्याला ६०० जीबींच्या जवळपास. कोड्याचा आणखी एक तुकडाही इथेच जुळला. मर्यादा संपल्यावर २ एमबीपीएस तरी मिळायला हवेत, पण माझ्या कार्यालयीन बैठकी त्याहूनही वाईट चालायच्या. पेटी उपलब्ध वेग पाहून चित्राचा दर्जा खाली आणत असे आणि उरलेल्या २ एमबीपीएसमधलाही निम्माअधिक वाटा खात बसे. बाबांना हे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मी तर बटण बंद केलं होतं." आणि ते खरेच होते.

दुरुस्ती

अशा वेळी नेहमी सुचवला जाणारा उपाय एचडीएमआय-सीईसीचा असतो. टीव्ही बंद होताना जोडलेल्या पेटीलाही झोपण्याचा संदेश देणारी ही सोय आहे. सॅमसंगच्या टीव्हीत तिचे नाव एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक आणि सोनीत ब्राव्हिया सिंक असे असते. आमच्या टीव्हीत ती चालूही होती. परंतु हा संदेश रिमोटने टीव्ही 'स्टँडबाय'मध्ये जाताना पाठवला जातो. भिंतीवरचे बटण बंद केल्यावर टीव्हीला निरोप द्यायलाही वीज उरत नाही. ज्या घरात बटण बंद करण्याची पद्धत आहे, आणि महाराष्ट्रात अशी घरे थोडी नाहीत, तिथे सीईसीवर विसंबू नये.

मग दोनच मार्ग उरतात : माणसाची सवय बदलायची किंवा तारेची जागा बदलायची. सत्तरीच्या माणसाची सवय बदलण्यापेक्षा अ‍ॅडॉप्टर बदलणे सोपे, म्हणून पेटीची पिन मी टीव्हीच्याच बोर्डावर, त्याच बटणाखाली आणली. खर्च : ८० रुपयांची एक मल्टीपिन. आता बाबांचे बटण दोन्ही बंद करते आणि त्यांच्या शिरस्त्याला धक्का लागलेला नाही. पुढच्या रात्रीच्या तक्त्यात २ ते ५ या वेळेचे आकडे ४० ते ६० एमबीवर आले. त्या तासांतला आमचा खरा पाया एवढाच आहे, फोनचे संदेश, राउटरची घड्याळजुळणी वगैरे.

रोजचा वापर ५० वरून ३० जीबीवर आला, म्हणजे महिन्याला ९००. मर्यादेत बसतो, पण जेमतेम. म्हणून चित्राचा दर्जाही पाहिला. नेटफ्लिक्स स्वतः सांगते की, एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि अल्ट्रा एचडीला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. हा दर्जा प्रत्येक प्रोफाइलसाठी खात्याच्या पानावर वेगवेगळा ठरवता येतो आणि आईच्या प्रोफाइलवर तो मध्यम केल्याचे तिला आजतागायत कळलेले नाही. यूट्यूबच्या टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये निवडलेला दर्जा टिकेलच असे नसते, म्हणून तिथे मी वेगळी युक्ती केली : राउटरवरून पेटीला ३ एमबीपीएसची वेसण घातली. ७२० ओळींच्या चित्राला यूट्यूब २.५ एमबीपीएस पुरेसे मानते, त्यामुळे चित्र बरे दिसते. याने गळती थांबत नाही, हे मात्र ध्यानात घ्यावे, कारण ३ एमबीपीएससुद्धा दिवसभर चालले तर ३२.४ जीबी होतात, म्हणजे आमचा जवळजवळ अख्खा दिवसाचा शिधा. वेसण ही पिनच्या जागेला पर्याय नाही.

विंडोजच्या संगणकांवर दोन किरकोळ गोष्टी केल्या. घरच्या वायफायला 'मीटर्ड' असे चिन्ह लावले, म्हणजे मोठी अद्यतने विचारल्याशिवाय उतरत नाहीत. आणि 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये आपल्या संगणकावरून इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांना अद्यतनांचे तुकडे पुरवण्याची परवानगी चालू असेल, तर ती बंद केली. मुलाच्या खेळाची अद्यतने मात्र खरोखर अवाढव्य असतात, एकदा एकाच रविवारी ९० जीबी गेले. ती थांबवली नाहीत. ६ तारखेला डेटा शिल्लक असेल तर त्या रात्री, असे ठरले आहे.

पुन्हा मंदावले

दोन महिने सुरळीत गेले आणि तिसऱ्या महिन्यात ३० तारखेला वेग पुन्हा कोसळला. या वेळी शोधायला दहा मिनिटे लागली. दिवसांच्या तक्त्यात २० आणि २१ तारखांचे दोन खांब इतरांच्या कितीतरी वर गेलेले होते, आणि त्यांतला पहिला खांब उतरवण्याचा नव्हे, चढवण्याचा होता. पुतणीच्या लग्नाची छायाचित्रे आणि चित्रण छायाचित्रकाराने हार्ड डिस्कवर दिले होते, १४० जीबी. ते मी माझ्या संगणकावर ज्या फोल्डरमध्ये टाकले, तो क्लाउडशी जोडलेला आहे. १४० जीबी वर गेले. त्याच खात्यावर पत्नीचा लॅपटॉपही आहे. त्याने दुसऱ्या दिवशी तेच १४० जीबी खाली घेतले. डिस्क आणि दोन्ही संगणक एकाच खोलीत, एका टेबलावर असताना २८० जीबी घराबाहेर जाऊन परत आले.

चढवलेला डेटाही मर्यादेत मोजला जातो, हे योजनेच्या अटींत लिहिलेले असते आणि सहसा वाचले जात नाही. आता दुसऱ्या लॅपटॉपवर तो फोल्डर वगळलेला आहे, आणि मोठे काही टाकायचे झाल्यास आधी जुळवणी थांबवून ते दोन्हीकडे डिस्कने उतरवले जाते.

रोजची नोंद

राउटरवर तक्ता आहे म्हणून कोणी तो रोज उघडत नाही. पहिल्या आठवड्यानंतर मीही उघडत नव्हतो. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते, त्यावर दुधाच्या पिशव्यांचा हिशेब आणि गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख आई लिहिते. त्याच चौकटीत आता रात्री नऊनंतर त्या चक्राचा एकूण वापर लिहिला जातो. आकडा मुलगा वाचून सांगतो आणि लिहिते आई, कारण चौकटीतली जागा कोणी किती व्यापायची, हे तीच ठरवते. त्यावरून काढायचे एकच : उरलेले जीबी भागिले उरलेले दिवस. अठराव्या दिवशी ६४० झाले असतील, तर ३६० उरले आणि दिवस १२, म्हणजे रोज ३०. एवढ्यावर आमचे चालते. उत्तर २५ च्या खाली आले की त्या आठवड्यात रविवारचा चित्रपट मध्यम दर्जात पाहिला जातो. आदल्या दिवसाच्या तुलनेत फरक ४० च्या वर गेला, तरच मी तासांचा तक्ता उघडतो, आणि आधी रात्री २ ते ५ च्या ओळी पाहतो.

परवा फरक ४४ आला होता. रात्रीच्या ओळी स्वच्छ होत्या. दुपारी १ ते ४ मध्ये मात्र तासाला १.३५ जीबीची सपाट रेघ होती, म्हणजे ३ एमबीपीएसची वेसण घातलेली पेटीच. वीज गेल्यावर कोणीतरी तिची पिन पुन्हा इन्व्हर्टरच्या सॉकेटात लावली होती, बातम्या मध्येच तुटू नयेत म्हणून. त्या सॉकेटवर आता चिकटपट्टी लावली आहे.